बैल चौकोनात चालत नाहीत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार दोरगे सरांचे आहेत, आणि दोरगे सरांच्या व्हॉलीबॉल संघाचं सगळ्यात जास्त नुकसान मी केलं आहे. पहिल्या गोष्टीची परतफेड करायला गेलो, त्यातून दुसरी घडली.

सर मूळचे यवतचे. आमच्या गावच्या हायस्कुलात ते पी.टी. शिकवायचे. (गाव शिरूर तालुक्यातलं, न्हावऱ्याच्या पुढं. नाव सांगत नाही. तिथं अजून आमचं घर आहे आणि मला सणावाराला तोंड दाखवावं लागतं.) आमच्या घराण्यात माझ्याआधी सगळे दहावीपर्यंत जायचे, तिथं अडकायचे आणि मग वावरात जाऊन उभे राहायचे. सरांनी मला त्या रांगेतून बाहेर काढलं. स्वतः एसटीत बसवून पुण्याला नेलं, वसतिगृहात माझी वळकटी उलगडून दिली आणि निघताना म्हणाले, "रडू आलं तर ग्राउंडवर जाऊन चकरा मार." मी इतक्या चकरा मारल्या की न विचारताच माझं नाव कॉलेजच्या क्रॉसकंट्री संघात लागलं. पुढं बी.ए. झालो, भूगोल घेऊन, सेकंड क्लासमध्ये. सणसवाडीच्या एका कारखान्यात स्टोअरला चिकटलो. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गावभर पेढे वाटत फिरले. भूगोल म्हणजे काय असतं, असं कुणी विचारलं की ते छाती पुढं काढून सांगायचे, "जमिनीचं समदं कळतं त्याला."

दुर्दैवानं मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मोबाईल तेव्हा नुकते आले होते आणि गावात फक्त संस्थेच्या अध्यक्षांच्या खिशात होते. त्या वर्षी अध्यक्षांनी शाळेचं मैदान खणायला घेतलं. विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी तिथं मंगल कार्यालय बांधायचं ठरलं होतं. (विकास कसा, ते नीटसं कळलं नाही. शिकून झालं की तिथंच लग्न लावून टाकायचं, असा काही विचार असावा.) पोरांचा संघ खळखळ न करता क्रिकेटकडं वळला. पण सरांनी त्याच वर्षी पहिल्यांदा पोरींचा व्हॉलीबॉल संघ उभा केला होता, आणि माझी धाकटी बहीण संगीता त्याची कॅप्टन होती. सर अध्यक्षांकडं गेले. अध्यक्षांनी मोठ्या मनानं तोडगा काढला: पोरींनी तालुक्याला एक मॅच जिंकून दाखवावी. जिंकल्या तर संघ राहील आणि मैदानाचंही बघू. हरल्या तर पोरींचं व्हॉलीबॉल कायमचं बंद.

सर आमच्या ओट्यावर बसून हे सांगत होते. चहा बशीतच गार झाला होता.

"एकच मॅच जिंकायची," सर म्हणाले. "पोरी जिंकतीलही. पण प्रॅक्टिस कुठं करायची? डांबरी रोडवर?"

मी उभा राहिलो. सरांसमोर मी बसलेलो नव्हतोच, पण आतून उभा राहिलो. "सर, ग्राउंड मी तयार करतो. आमच्या घरामागच्या परड्यात."

"जमेल का रे?"

"सर, माझा विषयच जमीन आहे."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वेळी मला वाटलं, अभिमानानं आलं.

पुढच्याच आठवड्यात एक दिवस पहिली पाळी करून आलो आणि दोरी, खुंट्या घेऊन परड्यात उतरलो. मैदानाचा पाया कसा असावा हे मी पुण्याच्या लायब्ररीतून वाचून आलो होतो. आबांना शेजारी उभं करून मी काळ्या मातीचे गुणधर्म समजावून सांगितले. ही माती ओलाव्यानं फुगते, उन्हानं भेगाळते, त्यामुळं ती हातभर खोल उचलून टाकायची आणि तिच्या जागी मुरूम भरायचा. आबांचं सगळं आयुष्य त्या मातीत गेलं होतं. तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे एकदाच जांभई दिली, आणि पेढे वाटून बसलेला माणूस करतो तेवढ्या विश्वासानं कुदळ उचलली.

माती निघाली. इतकी निघाली की तिचा ढीग शेजारच्या तुकाआप्पांच्या गाडीवाटेवर गेला आणि त्यांची बैलगाडी आमच्या अंगणातून, थेट तुळशीला वळसा घालून, ये-जा करू लागली. आई रोज सकाळी चाकांच्या चाकोरीत सडा घालायची आणि माझ्याकडं बघायची. मुरूम आला. संगीता आणि तिच्या पोरींनी पाट्यांनी तो पसरला. मी पातळी मोजायची पाण्याची नळी लावून उतार काढला, मधून कडेकडं, पुस्तकात होता तसा. आता फक्त रूळ फिरवायचा बाकी होता.

शाळेचा दगडी रूळ होता. तो अध्यक्षांच्या गोठ्यात होता आणि त्याला त्यांची म्हैस बांधलेली होती.

मी नम्रपणे मागणी केली. अध्यक्षही तितक्याच नम्रपणे बोलले. म्हणाले, रूळ शाळेचाच आहे, ने की. पण म्हैस त्या रुळाला सवकली आहे. दुसरीकडं बांधली की पान्हा चोरते. मी विचारलं, मग कधी नेऊ? तर म्हणाले, "आटली की ने." मी भूगोलाचा पदवीधर. म्हैस कधी आटते हे मला घरी येऊन आईला विचारावं लागलं. तिनं सांगितलेला महिना तालुक्याच्या मॅचेस होऊन गेल्यानंतरचा होता.

तेव्हा आबांनी सूत्रं हातात घेतली. "इर्जिक घालू," ते म्हणाले.

इर्जिक म्हणजे ज्याचं काम असेल त्याच्याकडं सगळ्या वस्तीनं आपापले बैल घेऊन यायचं. मजुरी घ्यायची नाही. यजमानानं पोटभर जेवू घालायचं, एवढंच. ट्रॅक्टर आल्यापासून आमच्याकडं इर्जिक जवळजवळ बंद पडली होती, त्यामुळं माणसं लग्नाला यावीत तशी आली. बैलांची शिंगं रंगवून आणली होती. तुकाआप्पा तर फेटा बांधून आले. मी नळी घेऊन उताराकडं धावलो, पण आईनं माझ्या हातात गुळवणीची बादली दिली. इर्जिकीला यजमानाच्या पोरानं वाढायचं असतं. शिकलेल्या पोरानं तर आग्रह करकरून वाढायचं असतं. त्यामुळं माझ्या मैदानाचा पाया घातला जात असताना मी पंगतीत पुरणपोळ्या वाढत होतो.

मधेच मी परड्याकडं डोकावलो. आबांनी बरोबर मध्यभागी एक जाडजूड खांब पुरला होता. त्याला बैलांची अख्खी पात, म्हणजे एका ओळीत बांधलेले बैल, जुंपलेली, आणि ती पात शांतपणे गोल गोल फिरत होती. खुरांखाली मुरूम दबत होता. मागून बाया शेणकाल्याचे हात मारत येत होत्या.

"आबा, मैदान चौकोनी आहे," मी म्हणालो.

"आसू दे."

"पण बैल गोल फिरतायत."

"बैल चौकोनात चालत न्हाईत, भावड्या. चालाय लागले की तुझ्या कारखान्यात लावून घे त्यान्ला."

पंगत हसली. मी बादली घेऊन परत पंगतीला गेलो.

संध्याकाळी जे तयार झालं ते बघून मात्र माझी छाती भरून आली. आरशासारखं सपाट, शेणानं सारवलेलं, बोटानं वाजवलं तर खणखण वाजेल असं गोल. गोलाच्या बाहेर मात्र माझ्या चौकोनाचे चार कोपरे होते तसेच राहिले होते. भुसभुशीत, ओलसर, पाऊल टाकलं तर घोट्यापर्यंत आत. मी आबांना कोपरे दाखवले. ते म्हणाले, तेवढं ऱ्हातंच. मी खांब काढायला सांगितला, कारण नेट बरोबर त्याच रेषेत येत होतं. आबा एकदम गंभीर झाले. आईनं खांबाला हळदकुंकू लावलं होतं, तुकाआप्पांनी नारळ फोडला होता. तो आता खांब राहिला नव्हता, खळ्याचा तिवडा झाला होता. धान्य मळून रास घरात गेल्याशिवाय तिवडा काढत नाहीत.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. मी व्हॉलीबॉलचं मैदान करत होतो. बाकी सगळी वस्ती खळं करत होती.

सर उद्घाटनाला आले तेव्हा आमच्याकडं पंचक्रोशीतलं एकमेव तीन खांबांचं नेट होतं. दोन कडेला, एक मधोमध. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट नाहीत, असे सर गावानं कधी पाहिलेले नव्हते. ते मैदानाच्या कडेला आले आणि आबांनी हात जोडून त्यांना थांबवलं. खळ्यावर पायताण चालत नाही. सरांनी माझ्याकडं पाहिलं, मी आभाळाकडं पाहिलं. सरांनी बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. पोरींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. सर त्या अंगठ्यानिशी मैदानावर चालत गेले, खाली बसले, हात फिरवला आणि म्हणाले, "जमीन चांगली केलीस." त्या एका वाक्यावर मी पुढचे कित्येक दिवस जगलो.

सरांना पुन्हा यायला मिळालंच नाही. अध्यक्षांनी त्यांना शाळा सुटल्यावर बांधकामाच्या सिमेंटवर लक्ष ठेवायच्या ड्यूटीला बसवलं. प्रॅक्टिसची जबाबदारी माझ्याकडं आली. "तू आहेस ना," सर म्हणाले. आणि मी होतो, हीच तर अडचण होती.

पहिल्याच आठवड्यात पाऊस झाला आणि कोपऱ्यांचा चिखल झाला. संगीता उजव्या कोपऱ्यात सर्व्हिस उचलायला गेली आणि अशी रुतली की पायात चप्पल असती तर ती कायमची गमावून बसली असती. दुसरी एक पोर तिला ओढायला गेली आणि तीही रुतली. दोघींना बाहेर काढायला उरलेल्या चौघी लागल्या. कुणाचा पाय मुरगळला तर संघ संपला. मी रात्रभर विचार केला आणि खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी एक नियम केला. चेंडू कोपऱ्यात गेला की कुणी धावायचं नाही. सगळ्यांनी "कोपरा" म्हणून ओरडायचं, जागेवर थांबायचं, आणि तो पॉइंट पुन्हा खेळायचा. पोरी शिस्तीच्या. त्यांनी नियम असा अंगी बाणवला की चेंडू कोपऱ्याकडं निघाला की खाली पडायच्या आत सहाही जणींचे हात कमरेवर जायचे.

इकडं बाजरी काढणीला आली.

एका दुपारी मी कामावरून आलो तर मैदानावर बाजरीची कणसं पसरलेली. तुकाआप्पा मधल्या खांबाला टेकून तंबाखू मळत बसले होते. मळणीला आता मशीन यायचं, पण मशीनला घालायच्या आधी कणसं वाळवावी लागतात, आणि त्यासाठी असली जागा अख्ख्या वस्तीत दुसरी नव्हती. मी त्यांना खेळ आणि युवाशक्ती या विषयावर चार शब्द सांगितले. शुद्ध भाषेत सांगितले, त्यामुळं ते जास्तच लांबले.

तुकाआप्पांनी चिमूट दाढेत धरली. "पुरणपोळी कशाची खाल्ली आमी?"

"इर्जिकीची."

"मग? ज्याच्या बैलाचे खूर खळ्याला लागले, त्याचा खळ्यावं हक. तुझ्या गिरौंडाखाली माझा ढवळ्या हाय. माझा नंबर पयला."

वस्तीत नंबर लागलेही होते. मला न विचारता लागले होते, कारण मला विचारायचं कारणच नव्हतं. माझ्याकडं बैल नव्हता. शेवटी आबांनी निवाडा केला. दिवसा बाजरी, उन्हं कलली की व्हॉलीबॉल. पोरी शाळेतून येऊन आधी कणसं गोळा करायच्या, ढीग लावायच्या, झाडून घ्यायच्या आणि मग खेळायच्या. बाजरीची कूस अंगाला लागून दर दोन पॉइंटला सगळा संघ खाजवायला थांबायचा. मधल्या खांबावर चेंडू आपटून भिंतीवरून यावा तसा परत यायचा, म्हणून पोरींनी मधे मारणं सोडून दिलं. पण एक खरं, एवढ्यातही त्या रोज येत होत्या. एकदाही कुणी रजा घेतली नाही. संगीताची सर्व्हिस तर अशी झाली होती की तुकाआप्पांचा ढवळ्या तिचा हात वर गेला की मान खाली घालायचा.

तालुक्याची मॅच शिरूरला होती. मैदान पक्कं, आखीव. चुन्याच्या फक्कीच्या रेषा पांढऱ्याशुभ्र. आमच्या पोरी बूट घालून मैदानात उतरताना क्षणभर अडखळल्या, मग इकडंतिकडं बघून उतरल्या. सर कडेला बसले होते. मी त्यांच्यामागं उभा होतो. सुरुवात अशी झाली की मला नाचावंसं वाटलं. संगीतानं सर्व्हिसवर सर्व्हिस केली. समोरच्या पोरी नुसत्या बघत राहिल्या.

मग सर्व्हिस त्यांच्याकडं गेली. त्यांच्या पोरीनं चेंडू मारला. तो आमच्या डाव्या कोपऱ्याकडं निघाला, अगदी सावकाश, एखादं मूलही उचलेल असा.

"कोपराऽऽ!" सहाही जणी एका सुरात ओरडल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

चेंडू रेषेच्या आत पडला. रेफरीनं शिट्टी वाजवली. संगीता शांतपणे रेफरीला म्हणाली, "सर, परत."

समोरच्या संघाला एकदा कळल्यावर पुढं कळण्यासारखं काही उरलं नाही. डावा कोपरा, उजवा कोपरा. पोरी स्वतःला बजावत होत्या, धावायला निघत होत्या, पण कोपऱ्याच्या अलीकडं पाय आपोआप थांबत होते. घोट्यापर्यंत रुतायची सवय पायांना झाली होती, ती सवय मनाचं ऐकत नव्हती. प्रेक्षकांतली पोरं आमच्या पोरींच्या आधीच "कोपरा" ओरडू लागली. आम्ही हरलो. किती फरकानं ते विचारू नका.

परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेर बघत होते. मग मान वळवून त्यांनी संगीताला विचारलं, "कोपरा सोडायचं कुणी शिकवलं?"

संगीतानं माझ्याकडं पाहिलंही नाही. "दादानं," ती म्हणाली.

सर परत खिडकीकडं वळले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान मला उभं तरी राहता आलं असतं. एसटीत जागा नसल्यामुळं मी तसाही उभाच होतो.

अध्यक्षांनी शब्द पाळला. पोरींचं व्हॉलीबॉल बंद. त्याऐवजी पोरींसाठी रांगोळी स्पर्धा जाहीर झाली. सर त्याच आठवड्यात रजा टाकून यवतला निघून गेले. जाताना कुणाला भेटले नाहीत. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ते आता परत येत नाहीत, असं स्टाफरूममध्ये बोललं जात होतं.

मी त्यांना फोन करायचा प्रयत्न केला. पण पलीकडून सरांचा "हॅलो" आला की मी एसटीडीच्या खोपटात ताठ उभा राहायचो आणि बोलायचं विसरायचो. मीटर तेवढं पळत राहायचं. म्हणून शेवटी पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

बाजरी घरात गेली. आबांनी तिवडा काढला. नेटला आता दोनच खांब आहेत.

सर, पोरी खेळायच्या थांबलेल्या नाहीत. शाळेनं नाव काढून घेतलं तरी त्या रोज संध्याकाळी येतात. मी त्यांना म्हणालो, आता कशासाठी? तर संगीता म्हणाली, कोपरे राहिलेत.

हादग्याचे दिवस होते. पोरी आमच्या परड्यात गाणी म्हणायला जमल्या आणि त्यांनी फेर धरला तो मैदानाच्या कोपऱ्यात. मग फुगडी. सर, बैलांच्या पातीला वळायला फार जागा लागते, फुगडीला दोन पोरींपुरती पुरते. रोज मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि नाचायचं. नंतर त्यांच्या आयाही आल्या. आमची आई आणि तुकाआप्पांच्या घरच्या मावशी यांनी मिळून डावा कोपरा केला आहे. त्यावर उखळ आपटलं तरी खड्डा पडणार नाही. अध्यक्षांच्या सूनबाई रांगोळी स्पर्धेचं सांगायला आल्या होत्या, त्या उजव्या कोपऱ्यात फुगडी घालून गेल्या. पायताण मात्र काढून.

ज्या संघानं आपल्याला हरवलं, त्यांना पोरींनी रविवारी आमच्या इथं मॅच खेळायला बोलावलं आहे. ते लगेच तयार झाले. त्यांना वाटतं, आपल्या पोरी अजून कोपरा सोडतात. आम्ही त्यांना काही सांगितलेलं नाही.

शाळेचा संबंध नाही. कप नाही, पाहुणे नाहीत. पण सर, त्यांच्या संघाच्या कडेला त्यांचे सर बसतील, आणि आमच्या पोरींच्या बाजूची खुर्ची रिकामी दिसेल. संगीतानं ती खुर्ची आत्ताच मांडून ठेवली आहे आणि आबांनाही बसू देत नाही. यवतहून सकाळची गाडी धरली तर वेळेत पोहोचाल.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी

ता. क. रविवारी मी कामावर आहे. सुट्टी मिळत होती. पण पोरींनी बैठक घेऊन ठरवलं की दादानं जादा पाळी करावी. तेव्हा सर, आपण निर्धास्त या.